तीनशे बारा बदल, एक नाव

माझे सासरे लोकांना माझी ओळख करून देताना सांगत, "जावई चंद्रपुरात डब्बे बसवते." त्यात खोटं काही नव्हतं. सर्व्हर दिसायला डबाच असतो, आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मी बावीस वर्षं तो बसवत आलो आहे. शाळा, पतसंस्था, दवाखाने, वाहतुकीची ऑफिसं, राईस मिल. प्रत्येक कामाची एक रेघी वही असते. कोणत्या मशीनला कोणता क्रमांक दिला, कोणती पायरी किती वाजता झाली, कुठे अडलं, सगळं त्यात. अशा वह्यांनी घरातलं एक कपाट भरलं आहे आणि बायकोची त्या कपाटावर फार दिवसांपासून नजर आहे.

गडचांदूरला एका ट्रक-वाहतुकीच्या ऑफिसात बसवलेला सर्व्हर रोज दुपारी तीनच्या सुमारास बंद पडायचा. दोन फेऱ्या मारल्या, काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा न कळवता गेलो, तर सर्व्हर जाड चादरीत गुंडाळलेला आणि आत तापलेला. तिकडे चुनखडीची पांढरी धूळ बसते, म्हणून ऑफिसातल्या एका काकांनी मायेनं पांघरूण घातलं होतं. मी येणार असं कळलं की ते चादर काढून घडी घालून ठेवायचे, कारण पाहुण्यासमोर बरं दिसत नाही. यंत्राशी माणसं घरच्यासारखी वागतात आणि निम्मी दुखणी त्यातूनच येतात, हे मी त्या दिवशी वहीत लिहिलं. लिहिलं म्हणजे शिकलो, असा माझा समज होता. तो ब्रह्मपुरीला उतरला.

ब्रह्मपुरीत प्रदीपभाऊंचं ऑफिस बियाण्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत आहे. प्रदीपभाऊ पन्नाशी ओलांडलेले. आधी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचे, मग कॉम्प्युटर क्लास, मग एका राईस मिलवाल्या मित्रासाठी त्यांनी वजनकाट्याची पावती छापणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तो आसपासच्या मिलवाल्यांना आवडला आणि त्याचा धंदा झाला. आता भाऊ धरून पाच माणसं. त्यातली मुख्य दोन: करुणा आणि गोलू. गोलूचं कागदावरचं नाव नीलेश आहे, पण ते मी फक्त कागदावरच पाहिलं. उरलेल्या दोघी पावत्यांची छपाई आणि अहवाल सांभाळत.

सर्व्हर येण्याआधी हे पाच जण पेन ड्राइव्हवर काम करत. करुणाचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करायची आणि झालेलं काम ब्रह्मपुरीला येणाऱ्या जीपवाल्याकडे चिवड्याच्या पुडीत घालून द्यायची. जीपवाला बियाण्याच्या दुकानात पुडी टाकून जायचा. एकदा दुकानदारानं चिवडा खाल्ला आणि पेन ड्राइव्ह गल्ल्यात ठेवून विसरला. चार दिवस सगळं काम थांबलं. त्यानंतर प्रदीपभाऊंनी मला फोन केला.

टीमचा सर्व्हर म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. पाच जणांनी मिळून एकच जाड वही लिहायची आहे असं समजा. वही सर्व्हरवर असते. प्रत्येकानं आपल्या कॉम्प्युटरवर तिची प्रत घ्यायची, आपला बदल करायचा आणि तो परत वहीत टाकायचा. कोणी, कधी, काय बदललं, याची यादी सर्व्हर स्वतः ठेवतो. ही यादी वापरणाऱ्यांपैकी कोणाला खोडता येत नाही. दोन आठवड्यांपूर्वीची वही हवी असेल तर तीही मिळते. कामं वाटून देणं, चुका नोंदवणं, रोज सगळं जोडून चालतं का ते पाहणं, हेही तोच करतो.

पुस्तकी पद्धत अशी की माहिती साठवणारा डेटाबेस एका मशीनवर ठेवावा आणि लोकांशी बोलणारा भाग दुसऱ्यावर. पाच माणसांसाठी दोन मशीन म्हणजे चौकोनी कुटुंबाला दोन स्वयंपाकघरं. मी सगळं एकाच मशीनवर बसवलं. त्यात क्रमाला महत्त्व असतं: आधी विंडोज आणि त्याची सगळी अपडेट्स, मग डेटाबेस, मग मुख्य सॉफ्टवेअर. डेटाबेसला मर्यादा घालून दिली नाही तर तो दिसेल तेवढी मेमरी स्वतःकडे ओढतो आणि बाकीचे उपाशी राहतात. सोळा जीबीपैकी त्याला मी सहा दिली. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. मशीन एकच असताना बॅकअपही त्यावरच ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली घरात ठेवून दाराला कुलूप लावणं. प्रत्येक कॉम्प्युटरला मी नेटवर्कच्या जाळ्यातला पक्का क्रमांक दिला, अकरा ते पंधरा. करुणा गावाहून फोनच्या इंटरनेटवरून यायची, त्या वाटेला चाळीस. एकूण पायऱ्या एक्केचाळीस, वेळ दोन दिवस. धानाच्या रोवणीचे दिवस होते.

शेवटची पायरी होती पाच जणांची पाच खाती उघडून प्रत्येक नावानं चाचणी घेणं. ती घेतली, पाचही वेळा बरोबर आली. पासवर्डच्या पाच चिठ्ठ्या पाच हातांत दिल्या आणि बसमध्ये बसलो.

चार महिन्यांनी, धान मिलवर यायला लागले होते तेव्हा, एका गुरुवारी सकाळी करुणाचा फोन आला.

"जय भीम भाऊ, करुणा बोलून राह्यली. माझ्या नावावर शून्य दाखवून राह्यलं."

"काय शून्य?"

"सगळंच. चार महिन्यांत मी काईच नाई केलं म्हणते तुमचा सर्व्हर."

ती हसत बोलत होती, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. हळूहळू सगळं कळलं. तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. आई नाही, भाऊ नाही. पहाटे बाबांचं सगळं आवरून, शाळेत जाणाऱ्या मुलीला डबा देऊन, आठवड्यातले चार दिवस ब्रह्मपुरी गाठणं आता होत नव्हतं. प्रदीपभाऊंचं काम मिलवाल्यांशी समोरासमोरचं, त्यांना माणूस ऑफिसात हवा. नागपूरच्या एका कंपनीला गोदामांच्या सॉफ्टवेअरसाठी पूर्ण वेळ घरून काम करणारं माणूस हवं होतं. त्यांनी करुणाला सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं आणि सांगितलं होतं, तुमच्या टीमच्या सर्व्हरवरची तुमच्या कामाची यादी दाखवा. हे जमलं तर घरून काम, नाही जमलं तर नव्या वर्षापासून कामच बंद.

शुक्रवारी पहिल्या बसनं निघालो. मूल, सिंदेवाही, नागभीड करत साडेदहाला पोहोचलो. सर्व्हरसमोर बसून यादी उघडली. तीनशे बारा बदल. पहिला माझा, बसवतानाचा. त्याच्याखाली तीनशे अकरा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नाव: प्रदीपभाऊंचं.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

गोलू म्हणाला, "भाऊ, दुकान मालकाचं, तर माल मालकाच्याच नावानं टाकू ना आपण. आपलं नाव टाकनं बरं नाई वाटलं."

"मग मी चिठ्ठ्या कशाला दिल्या होत्या?"

"जपून ठेवली हाय ना जी," असं म्हणत त्यानं पाकिटातून चिठ्ठी काढून दाखवली. लॅमिनेशन केलेली होती.

करुणा म्हणाली, "लग्नाच्या पत्रिकेवर घरातल्या मोठ्याचंच नाव असते ना, भाऊ. राबनारे कोन, ते कोन छापते? आमाले वाटलं, हे बी तसंच असन."

मी प्रदीपभाऊंकडे पाहिलं. "तुम्ही पासवर्ड दिलात?"

"मांगितला त देला," ते म्हणाले. "मले वाटलं, पोरं मान देऊन राह्यली." मग एकदम आवाज चढला. "माझ्या नावावर हाय म्हणजे मी खाल्लं का कोनाचं?"

कोणी खाल्लं नव्हतं. कोणाच्या मनात पाप नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. चोरी असती तर निदान कोणावर तरी रागावता आलं असतं. रागावण्यासारखा माणूस एकच होता आणि तो चंद्रपूरहून आला होता. माझी एक्केचाळिसावी पायरी मी पाचही नावांनी स्वतःच्या हातानं केली होती. त्यांच्या हातून एकदाही करून घेतली नव्हती. एकेकाला खुर्चीत बसवून पाहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी गोलू लाजला असता आणि मला कळलं असतं.

गोलूनं उपाय सुचवला. "डेटाबेस तर याच मशीनवर हाय ना, भाऊ. किल्ली तुमच्याजवळ हाय. आत घुसून नाव बदलवून टाका. कोनाले समजते?"

करता आलं असतं. दोन मशीन असती तरी आलं असतं, एक होतं म्हणून आणखी सोपं. मी नाही म्हणालो. आतून एक नाव बदललं की त्या यादीतलं कोणतंच नाव खरं राहत नाही, करुणाचंही नाही. तिला नागपूरला जी यादी दाखवायची होती, तिची किंमत एवढ्याच गोष्टीत होती की ती कोणी बदललेली नाही.

करुणानं पडद्यावरची यादी पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे सोमवारी मी त्याईले सांगू का, मी चार महिने नुसतं जीपनं येनं-जानं केलं?"

मी वही उघडली. मला बोलून धीर देता येत नाही. आकडे मांडता येतात.

सर्व्हर लोकांशी ज्या भागातून बोलतो, तो भाग रोजची एक डायरी लिहितो. कोणत्या क्रमांकाच्या कॉम्प्युटरवरून, किती वाजता, कोणती मागणी आली. ही डायरी सहसा कोणी वाचत नाही, पण ती असते. नाव सगळ्यांनी भाऊंचं वापरलं असलं तरी कॉम्प्युटर आपापला वापरला होता. यादीतली वेळ आणि डायरीतली वेळ जुळवली की बदल कोणत्या कॉम्प्युटरवरून आला ते कळणार.

पहिल्या अर्ध्या तासात एकही ओळ जुळली नाही. दुपारी चारच्या बदलापुढे डायरीत कोणीच नव्हतं, आणि पहाटे सहाला सगळे कामाला लागलेले दिसत होते. मग लक्षात आलं की डायरी ग्रीनिचच्या वेळेनं लिहिली जाते. साडेपाच तास मिळवले. पहिली ओळ सेकंदासकट जुळली. दुसरी जुळली. दोन मशीन असती तर दोन घड्याळं असती आणि त्यांच्यातल्या फरकावर वाद झाला असता. इथे घड्याळ एकच होतं. एकाच मशीनवर बसवल्याचा एवढा फायदा मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मी ओळ वाचायचो, पावत्या-अहवाल सांभाळणाऱ्या दोघींपैकी एक डायरी पाहून क्रमांक सांगायची, दुसरी लिहायची. गोलूनं चहा सांगितला. प्रदीपभाऊ खिडकीपाशी उभे राहून खालच्या रस्त्याकडे पाहत होते. जेवणाच्या वेळेपर्यंत बेरीज झाली. करुणाचे, म्हणजे तिच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा चौदा आणि गावाकडचा चाळीस मिळून, एकशे एकाहत्तर. गोलूचे त्र्याऐंशी. दोघींचे मिळून बत्तीस. माझा एक. सतरा ओळींशी डायरीचं जुळेना, कारण वीज जाऊन आली तेव्हा तेवढी पानं तुटली होती.

"आन् माझे?" खिडकीपासून प्रश्न आला.

"आठ."

"आठच?"

"त्यातला एक रिकामा आहे," मी म्हणालो. जे होतं ते सांगितलं.

गोलूला हसू आवरेना. "भाऊ, तीनशे अकराचे आठ झाले जी. शेरावरून छटाकावर आले!"

"हास, हास," प्रदीपभाऊ म्हणाले. पण त्यांनाही हसू आलं होतं.

करुणा मात्र वही घेऊन एकेक ओळ तपासत होती. तिनं सहा ओळींवर पेन्सिलनं खूण केली. "हे सहा माझे नाई, भाऊ. पोळा आन् तान्हा पोळा, दोन्ही दिवस मी घरीच होती, कामच नाई केलं. माझ्या कॉम्प्युटरवर गोलू बसला असन."

गोलूनं पाहिलं. "हो, माझंच हाय. पन राहू दे ना बाई, तुले कामात येईन."

"मले कशाले पाहिजे तुझे?" ती म्हणाली. सहा ओळी गोलूकडे गेल्या. करुणा एकशे पासष्ट, गोलू एकोणनव्वद. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. यंत्राचा क्रमांक म्हणजे माणूस नव्हे, एवढी तपासणी माझीच बाकी होती.

आता नोंद करायची कुठे? नाव बदलता येत नाही, पण प्रत्येक बदलाला एक शेरा असतो आणि तो शेरा ज्याच्या नावावर बदल आहे त्याला नंतरही लिहिता येतो. म्हणजे फक्त प्रदीपभाऊंना. मी त्यांना ते एकदाच सांगितलं, आग्रह केला नाही. कारण त्यांना काय करायला सांगतो आहे, हे मला कळत होतं. ऐन हंगामात त्यांचं सगळ्यात कामाचं माणूस त्यांच्या हातातून जाणार होतं, आणि ते जाण्याचा कागद मी त्यांनाच टाइप करायला सांगत होतो.

ते खिडकीपासून हलले. खुर्ची ओढली. "सांगा, काय लिवाचं हाय."

मजकूर ठरला: काम कोणाचं, आणि पुढे "नंतर नोंदवले" व आजची तारीख. झाकायचं काही नव्हतं.

गोलू म्हणाला, "भाऊ, मी एका मिनिटात छोटा प्रोग्राम लिवून देतो. सगळे शेरे एकदम पडतीन."

"नाई," प्रदीपभाऊ म्हणाले. "एक-एक वाचतो मी."

टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलेला माणूस. बोटांना वेग होता, पण डोळे सावकाश चालत होते. दर ओळ उघडायची, बदल काय आहे ते वाचायचं, मग शेरा. पंचवीस-तीस ओळींनंतर ते थांबले.

"ओल्या धानाच्या वजनातली कटती आपोआप काढाचं, हे तू केलं होतं?"

"मंग काय तुम्ही केलं?" करुणा म्हणाली.

"मिलवाले तारीफ करत होते याची. मी त समजलो, गोलूनं केलं."

गोलू म्हणाला, "मले वाटलं, तुम्हीच केलं."

पुढे पुन्हा थांबले. पोत्यांची मोजणी दोनदा होत होती, ती चूक कोणी काढली? करुणानं. जाळं बंद पडलं तरी पावती छापली जावी, ही सोय? करुणाची, चाळीस क्रमांकावरून, म्हणजे घरून, बाबांच्या खाटेशेजारी बसून. दर वेळी ते "बरं" एवढंच म्हणत आणि नाव टाइप करत. खालून जीपवाल्यांच्या हाका येत होत्या, "नागभीड, सिंदेवाही," आणि करुणा त्या दिवशी तिच्या नेहमीच्या जीपला गेली नाही. घरी फोन करून शेजारणीला बाबांजवळ बसायला सांगितलं.

सतरा ओळींपाशी ते अडले. "हे कोनाचे टाकू? बाईच्याच नावानं टाकतो ना."

"नको," करुणा आणि मी एकदमच म्हणालो. तिथे "माहीत नाही" असं लिहिलं.

शेवटी हिशेब कसा काढला, साडेपाच तास का मिळवले, सहा ओळी का काढल्या, सतरा का सोडल्या, याचं एक पान मी लिहिलं. पाचही जणांनी सह्या केल्या. गोलूनं सहीखाली कंसात "नीलेश" असं स्पष्ट लिहिलं.

सोमवारी करुणाची मुलाखत घरूनच झाली, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी यादी पाहिली, माझं पान वाचलं. करुणानं मला नंतर सांगितलं की त्यांनी एकशे पासष्टबद्दल फार विचारलं नाही. विचारलं ते पोळ्याच्या सहा ओळींबद्दल. तिनं जे घडलं ते सांगितलं. मग त्यांनी ओल्या धानाच्या कटतीचा बदल उघडायला लावला आणि पाऊण तास त्याच्यावरच बोलत राहिल्या. आठ दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं.

प्रदीपभाऊंनी निरोपाला सगळ्यांना जेवू घातलं. मला बोलावलं होतं, पण गडचिरोलीला एका दवाखान्याचं काम निघालं आणि जाणं झालं नाही. ते राहून गेल्याचं अजून वाटतं. मधल्या काळात मी एक केलं: एक्केचाळिसावी पायरी खोडून नवी लिहिली. आता प्रत्येक माणसाला खुर्चीत बसवतो, त्याच्या स्वतःच्या हातानं, त्याच्या स्वतःच्या नावानं एक बदल टाकायला लावतो आणि नाव दिसेपर्यंत उठू देत नाही. लोक लाजतात. विशेषतः बायका. "राहू द्या ना भाऊ, साहेबांचंच टाका," असं म्हणतात. मी बसून राहतो.

जानेवारीत ब्रह्मपुरीला गेलो, ते करुणाचं खातं बंद करायला. माणूस सोडून गेलं की खातं बंद करायचं असतं. तो नियमच आहे, त्यात रुसवाफुगवा काही नसतो. नव्या मुलीचं खातं उघडून झालं होतं आणि गोलू तिला यादी कशी वाचायची ते शिकवत होता. मी करुणाच्या नावावर गेलो, बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात प्रदीपभाऊ मागे येऊन उभे राहिले.

"यानं आधीचं पुसल्या जाते का?"

"नाही. फक्त तिला आत येता येणार नाही. यादीतलं जिथल्या तिथे राहतं."

"मी लिवलेलं बी?"

"तेही."

ते थोडं पुढे वाकले, पडदा पाहिला. "मंग करा बंद," म्हणाले, आणि मिलवाल्याचा फोन वाजत होता तो घ्यायला गेले.

मी बटण दाबलं, वेळ पाहिली आणि वहीत लिहिली. अकरा वाजून वीस मिनिटं.